कळफलकाची फाईल

कन्नडहून सकाळच्या एसटीनं औरंगाबादला उतरले आणि पिशवीसकट थेट छावणीत बाईंच्या टाइपिंगच्या क्लासला गेले. खोलीवर जाऊन अंघोळ करावी तर खोलीवर पाणी असेलच याची खात्री नव्हती, आणि महिनाभर गावाकडं काढल्यामुळं पोरींना बघायची ओढही लागली होती. पण गल्लीच्या तोंडाशीच मी थबकले. टाइपिंगच्या क्लासचा एक सलग आवाज असतो, सुपातल्या जोंधळ्यासारखा. त्या दिवशी तो तुटत तुटत येत होता. एक कळ, मग बराच वेळ काहीच नाही, मग पुन्हा एक कळ.

आत पोरी मान वर करून भिंतीवरच्या तक्त्याकडं बघत होत्या, एक अक्षर शोधत होत्या आणि पुन्हा खाली हाताकडं बघत होत्या. बाईंच्या क्लासमध्ये हाताकडं बघायला सक्त मनाई होती. त्या पोरींच्या बोटांवर रुमाल टाकायच्या. आज रुमाल नव्हते, आणि तक्ताही जुना नव्हता. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर स्केचपेननं काढलेला नवाच तक्ता होता.

"हे काय, बाई?"

"नया कीबोर्ड आया ना बेटा. तुझ्या ऑफिसनंच पाठवला." बाईंचा आवाज थकलेला होता. "अब यही चलता म्हणे परीक्षेला. तुझ्या सरांनी फोनवर सांगितलं."

"कुणी सांगितलं असं?"

"तुझ्या सरांनी. मी विचारलं, फॉर्ममध्ये तर आपण टाइपरायटरवाला लिहिलाय, त्याचं काय? तर म्हणाले, ते वरून आपोआप बदलतं, तुम्ही काळजी करू नका."

मी जवळच्या संगणकावर बसले, टाइपरायटरच्या सवयीनं 'पाणी' मारलं, आणि पडद्यावर भलतंच काहीतरी उमटलं. परीक्षेला थोडेच आठवडे उरले होते. फॉर्ममध्ये निवडलेला कळफलक बदलत नाही. हे मला माहीत होतं, बाईंनाही कुठंतरी खटकलं होतं, आणि सरांना तर पक्कं माहीत होतं, कारण ते फॉर्म आमच्याच ऑफिसातून भरले होते.

तेव्हा शहराचं नाव औरंगाबादच होतं. औरंगपुऱ्यात एका कपड्याच्या दुकानाच्या वर आमचं ऑफिस होतं. ऑफिस म्हणजे सर, मी आणि जुन्या संगणकांची चळत. कंपन्यांनी टाकून दिलेले संगणक सर स्वस्तात उचलायचे आणि क्लासेसना, शाळांना द्यायचे. त्यातल्या बहुतेकांच्या हार्ड डिस्क मेलेल्या असायच्या. म्हणून मी एक उपाय काढला होता: पेनड्राइव्ह. तो लावून संगणक सुरू केला की सगळी ऑपरेटिंग सिस्टिम पेनड्राइव्हमधूनच उठायची, दिवसभर काम करायची आणि बंद करताना मागं काही ठेवायची नाही. याला लाइव्ह सिस्टिम म्हणतात. कुणी काही बिघडवलं तरी बंद करून पुन्हा चालू केलं की सगळं पहिल्यासारखं.

ही सिस्टिम बांधायला एक टूल असतं. त्याच्यासाठी एका फोल्डरमध्ये फायली मांडून ठेवायच्या. कोणते प्रोग्रॅम घ्यायचे त्याची फाईल, भाषा कोणती त्याची, संगणक उठताना काय काय करायचं त्याची, कळफलक कोणता त्याची. टूल त्या फायली वाचतं आणि जसं लिहिलंय तशी इमेज, म्हणजे पेनड्राइव्हवर उतरवायचा तयार साचा, बांधून देतं. त्याला स्वतःची अक्कल नसते. फायलीत चूक असेल तर चूक बांधतं, आणि तीच चूक तितक्याच निष्ठेनं प्रत्येक पेनड्राइव्हवर जाते. म्हणून त्या फायली सांभाळणं हेच खरं काम. मी प्रत्येक गिऱ्हाइकाचं फोल्डर वेगळं ठेवायची, सगळ्यांना लागतं ते एका जागी, आणि बदल केला की का केला ते दोन ओळींत लिहून जुनी फाईलही जपून ठेवायची. सर हसायचे. "फायलींचं कसलं गं सोवळंओवळं हे!"

बाईंचा कळफलक ही त्यातली सगळ्यात अवघड फाईल होती. मराठी टाइपरायटरवर अक्षरं आजच्यासारखी उमटत नाहीत. अर्धा ग मारायचा आणि पुढं काना द्यायचा, तेव्हा पूर्ण ग होतो. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी मारायची. संगणकाला हे पटत नाही, त्याला वेलांटी अक्षराच्या नंतर हवी असते. तयार मिळणारे कळफलक बाईंच्या यंत्राशी जुळत नव्हते, म्हणून अर्धं अक्षर आणि काना आला तर काय करायचं, वेलांटी आधी आली तर ती कुठं सरकवायची, असे नियम मी एक-एक करून लिहिले होते. बाईंच्या भिंतीवरचा जुना, तेलकट तक्ता बघून, आख्खा उन्हाळा बसून. फाईल पहिल्यांदा बरोबर चालली त्या दिवशी बाईंनी डोळे मिटून आख्खा अर्ज मारला, 'मा. महोदय'पासून 'आपला नम्र'पर्यंत, आणि एकही अक्षर चुकलं नाही. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवून बोटं मोडली.

बाईंचे मिस्टर छावणीत कारकून होते. ते गेल्यावर बाईंनी टाइपिंगचा क्लास चालू ठेवला, आधी यंत्रांवर, मग आमच्या संगणकांवर. क्लासला यायच्या त्या पोरी सगळ्या दुष्काळानं शहरात आणून टाकलेल्या. बायपासला, पडेगावकडं, चिकलठाण्याकडं इमारती उठत होत्या आणि त्यांचे आईबाप त्या इमारतींवर गवंड्यांच्या हाताखाली होते. कुणाचं रान पडीक, कुणाची मेंढरं विकलेली. पोरींना कुणीतरी सांगितलं होतं की मराठी टाइपिंगचं सर्टिफिकेट असलं तर कारकुनाच्या जागेला अर्ज करता येतो. एवढ्यावर त्या यायच्या, डोक्यावर ओढणी घेऊन, पायी.

मीही त्यांच्यातलीच. आमचं घर मेंढरांचं, कन्नडच्या घाटाजवळचं. मी डिप्लोमा केला म्हणून मला खुर्ची मिळाली, इतकंच. त्या साली चारा नव्हता, पाणी नव्हतं. आई डोंगरात पाय घसरून पडली आणि तिचा पाय मोडला. दादांना एकट्याला कळप घेऊन घाट उतरून खानदेशात जायचं होतं. मी रजा काढून गेले. आईला धाकट्या मावशीकडं पोचवलं आणि दादांबरोबर कळपामागं चालले. मोबाइलला रेंज कुठली? निघताना सरांना एकच सांगितलं होतं: नवीन पेनड्राइव्ह लागले तर गिऱ्हाइकाच्या नावाचं फोल्डर उघडा आणि बांधा, दुसरं काही करायचं नाही.

बाईंकडून निघाले ती रिक्षा करून औरंगपुऱ्यात. गर्दीत रिक्षा मुंगीसारखी सरकत होती. मी मध्येच उतरले आणि चालत जिना चढले.

सर चहा पीत होते. "आलीस? आई कशी आहे?"

"बरी आहे. सर, बाईंना तुम्ही काय सांगितलं?"

त्यांना आठवायलाही वेळ लागला. "कोण बाई? हां, छावणीतल्या. अगं, एका मोठ्या क्लासवाल्यांची ऑर्डर आली ना, त्यांना इनस्क्रिप्ट हवा होता, तो दुसरा, सरकारी कळफलक. मी कळफलकाची फाईल बदलली. एकच फाईल! बाकी सगळं तुझंच. मग बाईंचे पेनड्राइव्ह खराब झाले म्हणून फोन आला, तर त्याच इमेजमधून काढून दिले. दोन-दोन इमेजी कोण बांधत बसणार? तू नव्हतीस."

"बाईंचं फोल्डर वेगळं होतं."

"ते मी एकत्र केलं. किती पसारा करून ठेवला होतास. डिस्कवर जागा नव्हती, म्हणून जुन्या फायली, ते तुझं बदलांचं सगळं, उडवलं."

मी संगणक उघडला. जिथं माझी फोल्डरं होती तिथं आता 'नवीन', 'नवीन फायनल' आणि 'नवीन फायनल खरं' अशी तीन होती. तिन्हींत तोच कळफलक. माझी फाईल कुठंच नव्हती. बाईंचे जुने पेनड्राइव्हही सरांनी परत मागवून पुसून टाकले होते. दुसऱ्या संगणकावर मी एक प्रत ठेवली होती, तो संगणक त्यांनी विकला होता.

इथवर मी सहन केलं असतं. निष्काळजी माणसं मी खूप पाहिलीत, आणि फाईल पुन्हा लिहिता येते. पण मी विचारलं, "परीक्षेला हाच चालतो असं का सांगितलं? खोटं का सांगितलं?"

"अगं, नाहीतर त्या रोज फोन करत बसल्या असत्या." त्यांनी कप खाली ठेवला. आवाज अगदी मऊ, समजूत घालण्याचा. "आणि मला सांग, त्या पोरी काय मंत्रालयात बसणार आहेत? मेंढरंवाल्यांच्या, बिगाऱ्यांच्या पोरी. वर्षभरात लग्नं होतील. हा शिकल्या काय, तो शिकल्या काय!"

"सर, मी मेंढरंवाल्याचीच पोरगी आहे."

"तुझं वेगळं आहे," ते म्हणाले.

त्यांना वाटलं, त्यांनी माझं कौतुक केलं. आजही ते तीन शब्द आठवले की माझ्या कानशिलांत रक्त चढतं. काय वेगळं होतं? मी रोज त्यांच्यासमोर बसून फायली लिहीत होते, एवढंच? सरांच्या घरात तीन पिढ्या कारकुनी झाली, निजामाच्या कचेरीत उर्दूत आणि पुढं मराठीत. त्यांचे आजोबा कुणाच्या तरी हाताखाली बसून लिहायला शिकले तेव्हा त्यांना कुणी असं म्हणालं असेल का, की ही लिपी शिकला काय, ती शिकला काय? कारकुनी म्हणजे काय, ती एका घराला कशी उभी करते, हे त्या माणसाइतकं कुणाला कळायला हवं होतं? त्यांना कळत होतंच, म्हणून तर मला जास्त राग आला. नकळत केलेलं मी सोडून दिलं असतं.

मी ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा ऑफिसात ओरडले. खालच्या दुकानातला माणूस जिन्यात येऊन बघून गेला. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. "तुम्हाला पोरी दिसतच नाहीत, तुम्हाला पेनड्राइव्ह दिसतात," असं काहीतरी म्हणाले. सर म्हणाले, "उन्हातानात फिरून आलीस, डोकं तापलंय तुझं. उद्या बोलू." मग मी म्हणाले की उद्या मी येणार नाही. फोल्डरात माझं जे काही उरलंय ते घेऊन जाते. तेव्हा मात्र मऊपणा गेला. "फायली ऑफिसच्या आहेत. एकही न्यायची नाही."

"ठेवा," मी म्हणाले. "वाचता येत असतील तर वाचा."

मी पिशवी उचलली आणि जिना उतरले. कुणाला तरी मारावंसं वाटत होतं आणि मारता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बाईंना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, बाई माझ्याबरोबर रडतील. त्या माझ्यावरच उखडल्या. "तू कहाँ थी? माझ्या पोरींची बोटं त्या माणसाच्या हातात देऊन तू गेलीस कशी?" त्यांनी मला बसही म्हटलं नाही. मी उभ्यानं ऐकून घेतलं, कारण तेवढा राग मला माझ्या वाट्याचा वाटला, आणि बाईंना तो कुणावर तरी काढायचाच होता. मग त्या उठल्या, भिंतीवरचं कॅलेंडर टराटरा फाडलं आणि म्हणाल्या, "जुना तक्ता मी चुलीत घातला. बोल, आता काय करायचं?"

तक्ता नव्हता, फाईल नव्हती. टूल मात्र फुकट मिळतं, आणि ते कसं चालतं ते माझ्या डोक्यात होतं. मी बाईंच्या सगळ्यात धडधाकट संगणकावर बसले आणि कोऱ्या फोल्डरपासून सुरुवात केली. बाई शेजारच्या रिकाम्या टेबलावर हात ठेवून बसल्या. मी अक्षर बोलायची, त्या लाकडावर ते मारायच्या, आणि कुठलं बोट कुठं पडलं ते बघून मी फाईल लिहायची. कधी बोट अडखळायचं, मधल्या आठवड्यांत त्यांनी स्वतःही नवा कळफलक घोटला होता ना. मग त्या शिवी हासडायच्या, हात झटकायच्या आणि "आख्खा शब्द बोल, सुटं अक्षर नको" म्हणायच्या. शब्द बोलला की बोटं आपोआप जायची. 'जिल्हाधिकारी' हा शब्द आम्ही किती वेळा घेतला असेल, देव जाणे. त्याच्यात वेलांट्याही आहेत आणि जोडाक्षरही.

ते दिवस सोपे नव्हते. टूलला बांधताना इंटरनेटवरून सगळे प्रोग्रॅम उतरवून घ्यावे लागतात, आणि बाईंकडं नेट म्हणजे माझा मोबाइल. मध्येच लाइट जायची की बांधकाम अर्धवट. अर्धवट राहिलेलं आधी साफ करायचं, नाहीतर जुनी घाण नव्या इमेजमध्ये शिरते. बायपासपलीकडच्या माझ्या खोलीवर टँकर कधी येईल ते कुणालाच ठाऊक नसायचं. बिल्डरच्या पाटीवर कारंज्याचं चित्र होतं आणि आम्ही बायका पाटीखाली कळशा मांडून उभ्या. कुणाच्या फोनवर मजुरी मिळवून देणारा मुकादम असायचा, कुणाचा नवरा त्याच इमारतींतली घरं विकायचा, आणि पाण्याचं विचारलं की सगळे आकाशाकडं बोट दाखवायचे. माझा राग तेव्हा सगळ्यावरच होता. एका माणसावर सुरू झाला आणि शहरभर पसरला.

पेनड्राइव्ह तयार झाले. पोरींची बोटं पुन्हा फिरवायला बाईंनी रात्रीचा दिवस केला. पण बोटं म्हणजे फाईल नव्हे. फाईल मी बदलली की जुनं गेलं. पोरींच्या हातात मात्र दोन्ही कळफलक एकमेकांत गुंतले होते. 'क' मारायला गेलं की बोट मध्येच थांबायचं, कुठल्या घरात जाऊ म्हणून.

सगळ्यात तल्लख पोरगी माझ्याच तालुक्यातली होती. उंच, कमी बोलणारी, तिच्याही घरी मेंढरं होती. मी नवे पेनड्राइव्ह घेऊन आले त्या दिवशी ती खुर्चीवरून उठली.

"ताई, आधी एक शिकलो, मग म्हणाले हे चूक, ते शिका. शिकलो. आता म्हणता, ते चूक, पहिलंच बरोबर. परीक्षेच्या दिवशी तिसरंच काही निघालं तर?"

"नाय निघणार. मी सांगते ना."

"त्यांनी बी सांगितलंच हुतं."

तिनं ओढणी सारखी केली आणि ती गेली. बाई तिच्या मागं गल्लीपर्यंत गेल्या, हाका मारल्या. ती वळली नाही. पुढं तिनं कपड्याच्या दुकानात काम धरलं.

परीक्षा झाली. निम्म्याहून जास्त पोरी नापास झाल्या. शुद्धलेखन येत होतं, वेग नव्हता. पास झालेल्यांनी पेढे आणले, पण ते खाताना कुणी कुणाच्या तोंडाकडं बघत नव्हतं. नापास झालेल्यांतल्या काही पुढच्या वेळेला पुन्हा बसल्या आणि पास झाल्या. त्यातली एक आज तहसीलमध्ये आहे. बाकीच्यांचं काय झालं ते मला माहीत नाही. सर म्हणाले होते तशी लग्नं झाली असतील, आणि कुणी विचारलं तर त्या सांगत असतील, मला टाइपिंग जमलं नाही. जमलं नाही! हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. त्यांना जमत होतं. त्यांच्या बोटांचा तो सलग आवाज मी माझ्या कानांनी ऐकला होता.

कपड्याच्या दुकानात मी त्या पोरीला एकदा भेटायला गेले. ती गिऱ्हाइकाला ड्रेस मटेरियल दाखवत होती, भराभर घड्या उलगडत. मला बघून हसली. परीक्षेचा विषय मी काढणार तेवढ्यात तिनंच मला थांबवलं. "इथं बरंय ताई. इथं कापड कालच्या जागीच असतंय." मी एक कापड घेतलं आणि परत आले. शिवून घेतलं नाही.

मी पुन्हा कुणाच्या ऑफिसात नोकरी केली नाही. बाईंच्या क्लासपासून सुरुवात झाली, मग जालना रोडच्या एका क्लासनं विचारलं, मग खेड्यांतल्या शाळांनी. प्रत्येकाचं फोल्डर वेगळं. प्रत्येक फाईलची जुनी प्रत तीन ठिकाणी. आणि एक नियम मी कधी मोडत नाही: जिथं पेनड्राइव्ह जाणार तिथल्या शिकवणाऱ्या बाईंनी किंवा मास्तरांनी स्वतः बसून पानभर मारल्याशिवाय मी तो देत नाही. काही जण वैतागतात. वैतागू देत.

मधल्या काळात सरांचं बरं चाललं. ऑफिस औरंगपुऱ्यातून सिडकोला गेलं, काच आली, एसी आला. लोक मला सांगायचे, सर म्हणतात पोरगी हुशार होती पण डोकं फार गरम. मग एका उन्हाळ्यात त्यांचा फोन आला. त्या मोठ्या क्लासवाल्यांचे पेनड्राइव्ह नव्या संगणकांवर उठत नव्हते आणि 'नवीन फायनल खरं'मध्ये काय आहे ते ऑफिसात कुणालाच समजत नव्हतं.

"एकदा येऊन बघून जा. तुझंच आहे ते सगळं."

"ऑफिसचं आहे, सर. तुम्हीच सांगितलं होतं."

ते थोडं हसले. "अजून राग आहे का गं? इतकी वर्षं झाली."

मी टँकरच्या रांगेत उभी होते. पुढच्या बाईची कळशी भरत आली होती, मागून ढकलाढकली चालली होती, आणि फोन कानाला लावायला खांदा वर करावा लागत होता.

"व्हय," मी म्हणाले. "आहे." फोन कमरेला खोचला आणि पाइप हातात घेतला.